साथरोगाचे धोरण आणि देशी वैद्यक : एक चिकित्सा

प्रास्ताविक

२९ जानेवारी २०२० रोजी केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने एक सूचनापत्र प्रसृत केले. चीनमध्ये पसरू लागलेल्या नव्या विषाणूपासून बचाव व्हावा म्हणून 'आर्सेनिकम आल्बम ३०' हे होमिओपॅथीचे औषध तीन दिवस अनशापोटी घ्यावे आणि साथ टिकून राहिल्यास महिन्याभराने पुन्हा घ्यावे, असा सल्ला त्यात होता. भारतातील पहिला रुग्ण केरळमध्ये आढळला तो दुसऱ्या दिवशी, ३० जानेवारीला. रोग देशात सापडण्यापूर्वीच त्याचे प्रतिबंधक औषध शासनाच्या शिक्क्यानिशी जाहीर झाले होते. (होमिओपॅथी जर्मनीत जन्मली आणि तिचे वय सव्वादोनशे वर्षांच्या आसपास आहे. 'आयुष' या एका शब्दात आयुर्वेद, योग, युनानी आणि सिद्ध यांच्या पंगतीला ती बसली आणि शासकीय भाषेत तीही परंपरा झाली, हा भाग वेगळा.)

कोविडच्या साथीत देशी वैद्यकाला शासकीय धोरणात जे स्थान मिळाले, त्यावर त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बहुतेक लेखन दोन छावण्यांत विभागलेले दिसते. एका छावणीला काढ्यात राष्ट्राचा स्वाभिमान दिसत होता, तर दुसरीला केवळ अंधश्रद्धा. आयुर्वेद खरा की खोटा, हा या दोन्ही पक्षांचा प्रश्न होता. प्रस्तुत लेखातील प्रश्न त्याहून मर्यादित, पण धोरणाच्या दृष्टीने अधिक निकडीचा आहे. आणीबाणीच्या काळात शासनाने परंपरेतून नेमके काय उचलले आणि काय मागे ठेवले? २०२० व २०२१ मधील दस्तऐवज क्रमाने वाचले, तर असे दिसते की परंपरेतील जो भाग शासनाला काहीच खर्चात पाडत नाही, तेवढाच उचलला गेला. औषधाची परीक्षा, साथीच्या सार्वजनिक कारणांचा विचार आणि औषध देणारा वैद्य या तीन गोष्टी मागे राहिल्या. विशेष म्हणजे या तिन्ही गोष्टींना खुद्द परंपरेच्या ग्रंथांत मोठे स्थान आहे. म्हणून या धोरणाची चिकित्सा बाहेरच्या मापाने करण्याआधी आतल्या मापाने करणे उचित ठरेल.

अग्निवेशाचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय 'जनपदोद्ध्वंसनीय' या नावाने ओळखला जातो. पांचाल देशाची राजधानी काम्पिल्य, उन्हाळ्याचा अखेरचा महिना आणि गंगेचा काठ अशी या अध्यायाची पार्श्वभूमी आहे. पुनर्वसु आत्रेय आपला शिष्य अग्निवेश याला सांगतात की नक्षत्रांची व ऋतूंची चिन्हे बिघडलेली दिसत आहेत आणि लवकरच वनस्पतींचे रसवीर्य नष्ट होईल. तेव्हा ते घडण्याआधीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. संकट आल्यावर औषध शोधत फिरणे हे वैद्याचे काम नव्हे, असा या उपदेशाचा रोख आहे. आजच्या आरोग्यशास्त्रात ज्याला पूर्वतयारी म्हणतात, तिचाच हा एक प्राचीन विचार होय.

यावर अग्निवेश जो प्रश्न विचारतो, तो या अध्यायाचा गाभा आहे. माणसामाणसांत प्रकृती वेगळी, आहार वेगळा, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय हे सारे वेगळे. असे असताना एकाच वेळी एकाच रोगाने सबंध जनपद कसे उद्ध्वस्त होते? आयुर्वेदाची सारी उभारणी व्यक्तिभेदावर आहे. एकच लक्षण असले तरी वातप्रकृतीच्या व कफप्रकृतीच्या माणसाला एकच औषध देऊ नये, हे त्याचे पहिले शिक्षण. साथ मात्र व्यक्तिभेद जुमानत नाही. म्हणजे शिष्याने गुरूपुढे शास्त्राच्या पायालाच धक्का देणारा प्रश्न ठेवलेला आहे, आणि ग्रंथकर्त्याने तो लपवलेला नाही.

आत्रेयांचे उत्तर असे की व्यक्ती भिन्न असल्या तरी काही भाव सर्वांना समान असतात. वायू, उदक, देश आणि काल हे ते चार भाव. ते बिघडले की सर्वांना एकच रोग होतो. या चारांत पुढचा पुढचा भाव टाळण्यास अधिकाधिक कठीण आहे. आणि हे बिघडतात ते कशामुळे? तर अधर्मामुळे, ज्याच्या मुळाशी प्रज्ञापराध आहे. देश, नगर आणि जनपद यांचे प्रमुखच धर्म सोडून प्रजेशी वागू लागले की त्यांचे आश्रित, नगरवासी आणि व्यवहारावर जगणारे लोक तो अधर्म वाढवीत नेतात, असे तेथे सांगितले आहे. साथीच्या कारणपरंपरेचे पहिले टोक राज्यकर्त्यांच्या दारात नेऊन ठेवणारा हा विचार आहे.

नक्षत्रे आणि अधर्म यांचा रोगाशी जोडलेला संबंध आज कोणी जसाच्या तसा स्वीकारावा असे नाही. ग्रंथाच्या मांडणीकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. साथ हा व्यक्तीचा रोग नसून जनपदाचा रोग आहे, त्याची कारणे हवा, पाणी व वस्तीत आहेत आणि त्यांचे उत्तरदायित्व प्रमुखांवर आहे, ही ती मांडणी. याच अध्यायात रसायनप्रयोग, पंचकर्म आणि आधीच जमवून ठेवलेल्या औषधींनी देहाचे रक्षण करण्याचाही उपदेश आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. काढ्याच्या व च्यवनप्राशाच्या समर्थकांना ग्रंथाचा आधारच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी अध्यायाचा उत्तरार्ध वाचला आणि पूर्वार्ध सोडून दिला, हा खरा आक्षेप आहे.

काढा आणि 'इम्युनिटी'

३१ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाल्यावर आठवड्याभरात, आयुष मंत्रालयाने स्वतःची काळजी घेण्यासाठीचे उपाय प्रसिद्ध केले. दिवसभर गरम पाणी प्यावे. रोज अर्धा तास योगासने, प्राणायाम व ध्यान करावे. स्वयंपाकात हळद, जिरे, धणे व लसूण वापरावेत. सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश घ्यावा, मधुमेह असेल तर साखरविरहित. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा घ्यावा. दीडशे मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद घालून प्यावी. नाकपुड्यांत तिळाचे किंवा खोबरेल तेल अथवा तूप लावावे. कोरडा खोकला असल्यास पुदिना किंवा ओव्याची वाफ घ्यावी. १४ एप्रिलला पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणातही आयुष मंत्रालयाच्या सूचना पाळण्याचे आवाहन होते.

या पत्रकाला न्याय द्यायचा तर काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. कोविड बरा होतो असा दावा त्यात नाही. लक्षणे टिकून राहिली तर डॉक्टरांकडे जावे असे त्यात सांगितले आहे. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, कोविडवर उपचाराचे दावे करणाऱ्या आयुष औषधांच्या जाहिराती रोखण्याचा आदेश याच मंत्रालयाने काढला. शिवाय घरात कोंडलेल्या आणि भेदरलेल्या माणसाला हातात काहीतरी करण्यासारखे देणे, हेही साथीच्या काळात एक काम असते. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात सर्दी झाल्यावर आजी जे करते, तेच शासनाने लिहून दिले. त्यात अपाय फारसा नव्हता.

दोष दुसरीकडे आहे. हे सारे उपाय 'इम्युनिटी' वाढवण्याच्या नावाखाली एकत्र बांधले गेले. आयुर्वेदात 'व्याधिक्षमत्व' ही संकल्पना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात असे म्हटले आहे आणि त्यामागील कारणांची चर्चाही केली आहे. आधुनिक शास्त्रातील रोगप्रतिकार ही विशिष्ट जंतूविरुद्ध कार्यरत होणारी, मोजता येणारी पेशींची व प्रतिपिंडांची यंत्रणा आहे. या दोहोंत काही नाते असेल किंवा नसेल. तो संशोधनाचा विषय आहे. 'इम्युनिटी बूस्टर' हा जाहिरातींत रुळलेला शब्द मात्र या दोहोंपैकी कोणत्याच शास्त्राचा नाही. तो शासकीय पत्रकात आला आणि बाजाराला हवी ती पावती मिळाली. पुढे आइस्क्रीमपासून बिस्किटांपर्यंत सर्वांवर हा शब्द छापला जाऊ लागला, तेव्हा मंत्रालयाला तक्रारीला जागा उरली नव्हती.

दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. अग्निवेशाच्या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात. व्यक्तिभेद खरा मानला, तर दहा ग्रॅम च्यवनप्राश सर्वांना सारखाच का, हे सांगावे लागते. समान भाव खरे मानले, तर हवा, पाणी आणि वस्ती यांबद्दल बोलावे लागते. पत्रकाने दोन्ही टाळले. उपाय सर्वांना एकच, आणि जबाबदारी मात्र ज्याची त्याची. धारावीसारख्या वस्तीत, जेथे शौचालय सामायिक आहे आणि पाणी ठरावीक वेळी येते, तेथे दिवसभर गरम पाणी पिण्याच्या सल्ल्याला देश-कालाचा संदर्भ नव्हता. तेथे साथ आटोक्यात येण्यास हातभार लागला तो घरोघरच्या तपासणीचा, ताप-दवाखान्यांचा आणि विलगीकरणाच्या सोयीचा. चरकाच्या परिभाषेत बोलायचे तर ही 'देश' या भावाची चिकित्सा होती. पण तिला कोणी आयुर्वेद म्हटले नाही.

परीक्षा कोणी करावयाची?

६ ऑक्टोबर २०२० रोजी आयुर्वेद व योग यांवर आधारित कोविड व्यवस्थापनाची राष्ट्रीय नियमावली प्रसिद्ध झाली. लक्षणे नसलेल्या व सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी गुळवेलीची घनवटी, गुळवेल व पिंपळी यांचे मिश्रण आणि 'आयुष-६४' ही औषधे तिच्यात होती, आणि प्रतिबंधासाठी अश्वगंधा, गुळवेल व च्यवनप्राश. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच जाहीर प्रश्न विचारले. नियंत्रित चाचण्यांचा पुरावा कोठे आहे, आणि हे उपचार मंत्री स्वतः घेतील काय, असा त्यांचा सूर होता. दुसरा प्रश्न चिमटा काढणारा होता. त्याने वादाची पातळी खाली आली आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज कोणाला उरली नाही.

तो पहिला प्रश्न मात्र टळत नाही. लक्षणे नसलेले आणि सौम्य लक्षणांचे बहुसंख्य रुग्ण औषधावाचूनही बरे होत होते. अशा गटात औषध घेतले आणि बरे वाटले, या अनुभवावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही. हजार रुग्णांचा अनुभव असला तरी नाही. तुलनेचा गट ही पाश्चात्य शास्त्राची लहर नसून या विशिष्ट अडचणीवर काढलेला उपाय आहे. आयुर्वेदाच्या बाजूने असे सांगितले जाते की एकेका औषधाची सुटी चाचणी ही या पद्धतीला न्याय देत नाही. आहार, विहार, औषध व वैद्य या साऱ्यांची मिळून परीक्षा व्हावी. हे म्हणणे विचारार्ह आहे. पण पद्धत वेगळी असावी, यावरून परीक्षाच नसावी असे निष्पन्न होत नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सूत्रस्थानात सांगितली आहे. त्यांतील एकट्या आप्तोपदेशावर, म्हणजे ग्रंथवचनावर, थांबावे असे तेथेही म्हटलेले नाही.

आपल्या औषधविषयक कायद्याने मात्र नेमके तेथेच थांबायचे ठरवले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत प्रमाण ग्रंथांची यादी आहे. त्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना मिळण्यासाठी ग्रंथाचा दाखला पुरतो. सुरक्षिततेचा वा परिणामकारकतेचा वेगळा अभ्यास सामान्यतः मागितला जात नाही. शांततेच्या काळात ही तरतूद परंपरेचा मान राखणारी वाटते. आणीबाणीत तिचा अर्थ बदलतो. २०१९ पूर्वी जो रोग नव्हता, त्याचा दाखला कोणत्या ग्रंथात मिळणार?

येथे समतोलासाठी आधुनिक वैद्यकाचे वर्तनही तपासले पाहिजे, कारण घाई फक्त आयुष मंत्रालयाने केली असे नाही. मार्च २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेण्याची शिफारस केली. तिच्यामागील पुरावा काढ्याच्या पुराव्यापेक्षा फार भक्कम होता असे म्हणवत नाही. रक्तद्रव उपचारासाठी तर दात्यांच्या शोधात नातेवाईक शहरे पालथी घालीत होते. फरक पडला तो नंतर. याच परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रक्तद्रवाची चाचणी घेतली. त्याचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून काढला गेला. सात महिने उशीर झाला, ही गोष्ट लाजिरवाणीच आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. चूक दोन्हीकडे झाली. पण एका व्यवस्थेत चूक खोडण्याची वाट होती, कितीही अरुंद असो. आयुष नियमावलीतील एखादे औषध निरुपयोगी ठरले म्हणून यादीतून वगळले गेले असे दिसले नाही. ज्या यादीतून काहीच गळत नाही, ती शास्त्राची यादी म्हणून वाचता येत नाही.

'आयुष-६४' चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि लताकरंज या चार घटकांचे हे औषध मुळात हिवतापासाठी १९८० च्या सुमारास केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्थेने तयार केले. कोविडमध्ये त्याची चाचणी लखनौ, वर्धा आणि मुंबई येथील केंद्रांत झाली. रुग्णांचे दोन गट पाडून, तुलना करून. हा मार्ग योग्यच होता. मात्र कोणाला कोणते औषध मिळते आहे हे रुग्णाला व वैद्याला ठाऊक असणाऱ्या प्रकारची ती चाचणी होती आणि मोजले जात होते ते लक्षणे लवकर ओसरणे. तिच्या आधारे २९ एप्रिल २०२१ रोजी सौम्य व मध्यम रुग्णांसाठी पूरक औषध म्हणून त्याची घोषणा झाली. आठच दिवसांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून कृत्रिम श्वासावर असलेले २२ रुग्ण त्याच दिवशी दगावले होते. देशभर प्राणवायूसाठी आकांत चालला असताना आलेल्या त्या घोषणेकडे केवळ वैद्यकीय निर्णय म्हणून पाहता येत नाही. जे देता येत नव्हते, त्याच्या जागी जे देता येत होते ते दिले गेले.

चीनमधील आर्टेमिसिनिनचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. तो द्यावा, पण पुरता द्यावा. १९६७ मध्ये युद्धाच्या निकडीतून तेथे हिवतापावरील औषधांचा शोध सुरू झाला. तू योयो यांना चौथ्या शतकातील गे हाँग याच्या ग्रंथातील एका नोंदीवरून सुचले की वनस्पती उकळल्याने गुण नष्ट होत असावा. कमी तापमानावर अर्क काढल्यावर यश आले. त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथाने वाट दाखवली आणि प्रयोगशाळेने निवाडा केला. मे २०२० च्या सुमारास मादागास्करमध्ये त्याच जातीच्या वनस्पतीचे पेय खुद्द राष्ट्राध्यक्षांनी कोविडवरील उपाय म्हणून पुरस्कृत केले, तेव्हा वाट तीच होती. निवाडा मात्र झालेला नव्हता.

गुळवेलीचे प्रकरण

महाराष्ट्रात गुळवेल कोठेही मिळते. कडुनिंबावर चढलेली असेल तर अधिक गुणकारी मानतात. २०२० च्या पावसाळ्यात शहरांतल्या सोसायट्यांच्या कुंपणांवरूनही तिच्या कांड्या तोडून नेल्या जात होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ती शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच यकृतावर हल्ला करावा अशा स्वरूपाची होती. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देशातील अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती संकलित झाली. लक्षावधी लोकांनी गुळवेल घेतली असणार, त्या मानाने ही संख्या अल्प आहे. पण प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घेतलेल्या औषधाने ती शक्ती काही देहांत उलटावी, ही सूचना गंभीर होती.

मंत्रालयाने ती सूचना म्हणून घेतली नाही. अभ्यास दिशाभूल करणारा आहे, तपासलेली वनस्पती नक्की कोणती हे सिद्ध केलेले नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा खुलासा करण्यात आला. हा खुलासा शास्त्रीयदृष्ट्या शक्य कोटीतला आहे. गुळवेलीच्या जाती दिसायला जवळच्या आहेत आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. परंतु याच खुलाशात धोरणावरील सर्वांत मोठा आरोप दडलेला आहे. वनस्पती ओळखण्यात चूक होऊ शकते हे ठाऊक होते, तर ती घेण्याचा सल्ला सरसकट कोणत्या तयारीवर दिला? विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात औषधिद्रव्याची परीक्षा कशी करावी याची तपशीलवार यादी आहे: ते कोणत्या देशात उगवले, कोणत्या ऋतूत व कशा रीतीने गोळा केले, कसे साठवले. वैद्याच्या देखरेखीखाली गुळवेल देणे हा आयुर्वेद. दूरचित्रवाणीवर ऐकून कुंपणावरची वेल उकळणे हा आयुर्वेद नव्हे. शासनाने पहिल्याच्या नावाने दुसऱ्याला उत्तेजन दिले.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी देशात यंत्रणा आहे, तिचे मध्यवर्ती केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. अशा नोंदी तेथून प्रथम याव्यात, रुग्णालयांतील यकृततज्ज्ञांकडून नव्हे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

१८९७ चा कायदा आणि वैद्य

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अंमलात आला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि रँडचा खून हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्या धोरणात वैद्यहकिमांना प्रथम स्थानच नव्हते. गोऱ्या सैनिकाला घरात शिरून काखेतल्या गाठी तपासण्याचा अधिकार होता; पिढ्यानपिढ्या त्या घराची नाडी पाहणाऱ्या वैद्याला नव्हता. लोक रोगी लपवू लागले. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. शासनाला माघार घ्यावी लागली आणि समाजासमाजांची स्वतःची प्लेग रुग्णालये मान्य करावी लागली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले होतेच. वैद्यांच्या औषधाने प्लेग बरा होत होता असा या घटनांचा अर्थ नाही. त्या काळी डॉक्टरांकडेही प्लेगवर औषध नव्हते; हाफकीनची लस नुकतीच तयार झाली होती. वैद्याजवळ होता तो घराचा विश्वास, आणि साथीत रोगी वेळेवर पुढे येण्यासाठी तोच लागतो.

हा धडा नंतरच्या कायद्यांत अर्धाच उतरला. १९१२ च्या मुंबई वैद्यक नोंदणी कायद्याने वैद्यांना नोंदवहीबाहेर ठेवले. १९३८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात वैद्यहकिमांची नोंदणी सुरू झाली, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. आज महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा मोठा भार आयुर्वेद पदवीधरांवर आहे. आदिवासी भागातील आरोग्य पथके, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका यांवरील डॉक्टर बहुतांशी हेच आहेत. कोविड केंद्रांत रात्रपाळ्या करणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी होती. तेथे ते करीत होते ते ताप मोजणे, प्राणवायूची पातळी पाहणे, रुग्ण वेळीच पुढे पाठवणे. गुळवेलीच्या गोळीपेक्षा या कामाने किती जीव वाचले असतील, याचा हिशेब कोणत्याही आयुष दस्तऐवजात मांडलेला आढळत नाही. देशी वैद्यकाचा साथीतील खरा वाटा मोजायचा झाल्यास तेथून सुरुवात करावी लागेल.

या लोकांशी शासन कसे वागले, याचे एक प्रकरण न्यायालयाच्या दप्तरात आहे. मार्च २०२० च्या अखेरीस नवी मुंबई महानगरपालिकेने खाजगी दवाखाने उघडे ठेवण्याची नोटीस काढली. न ठेवल्यास गुन्हा नोंदवण्याचा इशारा तिच्यात होता. तिला आधार होता तो १८९७ च्याच कायद्याखाली केलेल्या नियमांचा. एका आयुर्वेद व्यावसायिकाने दवाखाना चालू ठेवला आणि जून २०२० मध्ये कोविडने त्यांचा मृत्यू झाला. आरोग्यसेवकांसाठी केंद्राने जाहीर केलेल्या पन्नास लाख रुपयांच्या विम्याचा त्यांच्या पत्नीचा दावा नाकारला गेला. दवाखाना कोविडसाठी नव्हता आणि त्यांची सेवा शासनाने रीतसर अधिग्रहित केली नव्हती, हे कारण. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कारण ग्राह्य धरले. वैद्याने दवाखाना बंद ठेवला असता तर तो गुन्हेगार; उघडा ठेवून मेला तर खाजगी माणूस. त्याच महिन्यांत त्याच्या शास्त्रातील काढा राष्ट्रीय धोरण झाला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दृष्टिकोन बदलला. साथरोग कायदा व त्याखालील नियम यांमुळे डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्याच होत्या, स्वतंत्र पत्राची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र आपला माणूस कोविडविषयक कर्तव्य बजावताना गेला, हे विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्या कुटुंबावरच राहील, असेही त्या निर्णयात नमूद आहे.